ताईच्या लग्नाला, तीस वर्षांनी

हॉस्पिटलात त्याला सगळे 'अलगद' म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढंच.

अठ्ठावीस वर्षं तो अँब्युलन्स चालवत होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कंबरेचं हाड मोडलेल्या एका आजीबाईंना तो लांबच्या गावाहून घेऊन येत होता. त्या प्रत्येक खड्ड्याला मागून ओरडायच्या, "अलगद रे बाबा, अलगद!" शेवटच्या तासाभरात मात्र आवाज बंद झाला. ह्याने लगेच वेग कमी केला. गाडी बाजूला घेऊन मागे पाहिलं, तर आजीबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. सोबतच्या नर्सने ती गोष्ट वॉर्डभर केली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे डॉक्टरसुद्धा विचारायचे, "आज अलगद आहे का ड्यूटीवर? मग ह्यांना आजच पाठवू."

त्याच्या हाताला रस्ता पाठ होता. कुठल्या वळणावर डांबर खचलंय, कुठल्या गतिरोधकाला पांढरे पट्टे नाहीत, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मागचा पेशंट गुंगीत जायला लागला की मधली छोटी खिडकी सरकवून तो विचारायचा, "मला सांगा बरं, तुमच्या घरी यायचं तर कसं यायचं?" माणसं अर्धवट शुद्धीतही घराचा रस्ता सांगत. उजवीकडे वळा, मग पिठाची गिरणी, मग दुसरा जिना. सांगता सांगता हॉस्पिटलचं फाटक येई.

असा हा माणूस भाचीच्या लग्नाला निघाला, तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. लग्न संध्याकाळी सहाला, रस्ता पाचशे किलोमीटरच्या वर. पहाटे पाचला त्याने गाडी बाहेर काढली, दिवे तपासले, चारी चाकांना हात लावून पाहिला. शेजारी बायको, मागे लेक आणि लेकीच्या खांद्याला टेकून आई.

आई ब्याऐंशीची होती. गेल्या दोन वर्षांत तिच्या डोक्यातल्या दिवसांची सरमिसळ झाली होती. काल काय झालं ते पुसून जाई आणि चाळीस वर्षांपूर्वीचं दूध आत्ता उतू जायला लागे. घरच्यांना सवय झाली होती. ती ज्या वर्षात असेल त्या वर्षात जाऊन बसायचं, वाद घालायचा नाही, असं लेकीने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती आणि घरात तेवढ्या एका विषयात तिचा शब्द चालायचा.

गाव मागे पडलं तशी आई नीट जागी झाली. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "कुठे निघालोय रे?"

"लग्नाला, आई."

"ताईच्या?"

त्याने आरशात पाहिलं. लेकीने मान हलवली, म्हणजे हो म्हणा.

"हो," तो म्हणाला.

"बरं झालं." मग आई पुढे वाकून, बायकोला ऐकू जाऊ नये अशा आवाजात (तो अर्थातच सगळ्यांना ऐकू गेला) म्हणाली, "शाल दिलीस ना तिला?"

त्याने नजर आरशातून रस्त्यावर नेली. "हो आई. दिली."

"कुठली शाल?" बायकोने विचारलं.

"काही नाही गं. जुनं काहीतरी आठवतंय तिला."

पण ते 'काही नाही' नव्हतं. तीस वर्षं ते त्याच्या छातीवर बसलेलं होतं.

ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून ती दूरच्या शहरात राहायला गेली आणि तिथेच तिने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न ठरवलं. वडील शाळेचे हेडमास्तर. त्यांनी आपल्या एका मित्राच्या मुलासाठी शब्द देऊन ठेवला होता, आणि हेडमास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि जेवायच्या टेबलावर सांगितलं, "ह्या लग्नाला जो जाईल, त्याने ह्या घरात परत पाऊल टाकायचं नाही." आई भाजी वाढत राहिली.

घर तेव्हा नदीपासून तासाभराच्या गावात होतं आणि तो बेकरीची पावाची गाडी चालवायचा. लग्नाच्या दिवशी पहाटे तो निघाला, तर आई मागच्या दाराशी उभी. हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. वडील शाळेत गेले की दुपारच्या दुपार बसून तिने दोन महिन्यांत शाल विणली होती आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. "पाव टाकायला नदीपर्यंत जातोसच," ती म्हणाली. "तसाच पुढे जा. एवढं तिच्या हातात दे आणि ये. आणि मला सांग, कशी दिसत होती."

त्याने पाव टाकले. नदीच्या पुलापर्यंत आला. पुलापुढे त्याची हद्द नव्हती. गाडी तिथे उभी करून तो तासभर बसला. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. चोवीस वर्षांचा पोरगा, पण धीर झाला नाही. शेवटी त्याने गाडी वळवली. पुडकं घरी न्यायची सोय नव्हती, म्हणून पुलाजवळच्या बसथांब्याच्या बाकावर ठेवून दिलं, आणि मागे वळून न बघता निघून आला.

घरी आल्यावर आईने डोळ्यांनीच विचारलं. तो म्हणाला, "दिली."

"कशी दिसत होती?"

मग त्याने सांगितलं. निळे कपडे होते. केसांत पांढरं फूल होतं. शाल बघून रडली. एक खोटं सांगितलं की त्याला दुसऱ्या खोट्याचे हातपाय लागतातच. आईने त्यातला शब्द न् शब्द झेलून घेतला आणि कुठेतरी आत ठेवून दिला.

नऊ वर्षांनी वडील गेले. ताई आली, आईच्या गळ्यात पडली, जाणं-येणं सुरू झालं, दर रविवारी फोन सुरू झाला. पण त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. आई वाट बघायची, ही शालीचं काही बोलते का. ताई बोलायची नाही, कारण तिला काही मिळालंच नव्हतं. आईला वाटायचं, पोरीच्या मनात राग आहे अजून. ताईला वाटायचं, आईने त्या दिवशी आपली आठवणही काढली नाही. आणि खरं माहीत असलेला हा दोघींच्या मधे उभा राहून दोघींना नुसतं पाणी द्यायचा.

साडेनऊच्या सुमारास बायको म्हणाली, "अहो, आईंना जरा उतरवायला हवं. आणि मलाही चहा हवाय."

"दहा मिनिटांत थांबतो. चांगली जागा माहीत आहे."

ती चांगली जागा म्हणजे एक हॉस्पिटल निघालं. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "अरे, अलगद! आज पेशंट कोण?"

"कुणी नाही रे. घरचे आहेत. लग्नाला निघालोय."

"लग्नाला निघालोय आणि चहा हॉस्पिटलात," बायको कपाळावर हात मारत म्हणाली. "जगात हॉटेलं नावाची गोष्ट असते हो."

"इथली बाथरूम स्वच्छ असतात. आणि चाकाची खुर्ची मिळते."

हे मात्र खरं होतं. आईला खुर्चीत बसवून त्याने लांबलचक कॉरिडॉरमधून नेलं. दोन नर्सनी ओळखून हाक मारली, एका वॉर्डबॉयने पाठीवर थाप मारली. लेक चालता चालता म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे किती फेमस आहात!" तो लाजला. कँटीनमधल्या टेबलावर चौघांनी चहा घेतला आणि घरून आणलेली उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. पावाचा तुकडा हातात धरून आई म्हणाली, "तुझ्याच गाडीतला ना हा? ताज्या पावाला बघ कसा वास आहे. शाल दिलीस ना रे तिला?"

"हो."

"निळंच घातलं होतं ना तिने?"

"हो आई."

लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने कप उचलला, पण त्यात चहा उरला नव्हता.

पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये आईने तोच प्रश्न आणखी सहा वेळा विचारला. दर वेळी तो हो म्हणाला. तीस वर्षांपूर्वी एकदाच बोललेलं खोटं आज पुन्हा पुन्हा नव्याने बोलावं लागत होतं, आणि दर खेपेला ते जड होत चाललं होतं. एकदा तर आई खुश होऊन लेकीला सांगायला लागली, "अगं, रडली म्हणे ती शाल बघून. ह्याने स्वतः बघितलं." लेक म्हणाली, "हो का आजी?" आणि आजीचा हात कुरवाळत राहिली.

बारा वाजता नदी आली. जुना पूल बंद होता. बाजूला नवा, रुंद पूल झाला होता. अँब्युलन्स घेऊन तो इथून शेकडो वेळा गेला होता, पण मागे पेशंट असला की थांबायचा प्रश्न नसे, आणि त्याला ते बरंच वाटे. आज मागून आईचा आवाज आला, "शाल दिलीस ना?"

त्याने गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" बायको म्हणाली. "टायर गेलं का?"

तो उतरला, मागचं दार उघडलं आणि आईच्या पायांशी, रस्त्यावरच उकिडवा बसला.

"आई, नाही दिली."

"काय?"

"शाल. नाही दिली मी. इथपर्यंत आलो होतो. ह्या पुलापर्यंत. बाबांना घाबरलो आणि परत फिरलो. निळे कपडे, फूल, सगळं मी मनाने सांगितलं. मी ताईला बघितलंच नाही."

बायकोने तोंडावर हात ठेवला. मोठाले ट्रक बाजूने जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी थोडी हलत होती. आई त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता हात उगारेल. उगारला असता तर बरंच झालं असतं.

आईने विचारलं, "लग्न किती वाजता आहे?"

लेक म्हणाली, "सहाला, आजी."

"मग आत्ता किती वाजलेत?"

"बारा."

"मग रडतोस काय असा, वेड्यासारखा?" आई म्हणाली. "अजून वेळ आहे की. ऊठ, गाडी काढ."

"पण आई, शाल हरवली."

"शाल काय, दुसरी विणता येते. पोरीला वाटेल, घरचं कुणीच आलं नाही. ऊठ आधी."

तो उठला. गुडघ्यांना माती लागली होती ती बायकोने उतरून झटकली, आणि काही न विचारता त्याला पाण्याची बाटली दिली. गाडी सुरू झाली आणि पुलावर चढली. पूल संपल्यावर बायको हळूच म्हणाली, "मला तरी सांगायचंत. पंचवीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"लाज वाटायची गं." जरा वेळाने तो म्हणाला, "ही नोकरी घेतली ना, ती बहुतेक त्यामुळेच. ह्यात अर्ध्यातून परत फिरता येत नाही. पेशंट घेतला की पोचवायचाच."

बायकोने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर आईने शालीचं एकदाही विचारलं नाही. विसरली, की तिच्यापुरता तो हिशोब मिटला, देव जाणे. तिची एकच घाई चालली होती. "जरा जोरात घे रे. किती हळू चालवतोस!" उभ्या आयुष्यात अलगदला गाडी हळू चालवतो म्हणून कुणी बोललं नव्हतं. लेक हसून हसून बेजार झाली.

साडेचारला ते पोचले. लग्नाचा हॉल एका रुंद रस्त्यावर होता. पायऱ्यांवर फुलांचे करंडे उतरवले जात होते, आत खुर्च्या मांडायचा खडखडाट चालू होता. ताई दारातच होती. हातात यादी, कानाला फोन, चष्मा डोक्यावर आणि तोच चष्मा ती दुसऱ्या हाताने पर्समध्ये शोधत होती. सत्तावन्न वर्षांची, अर्ध्याहून जास्त केस पांढरे, अंगावर अजून घरातलेच कपडे.

"आलात एकदाचे!" ती फोनमध्येच ओरडली. मग फोन बंद करून आईजवळ आली. तिला काळजी होती ती एकच. गेल्या वेळी आईने तिला ओळखलं नव्हतं, 'बाई' म्हणाली होती. "आई, मी कोण, सांग बघू?"

आईने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"सांग बघू काय? अजून तयार नाही झालीस? लग्न सहाला आहे ना तुझं?"

ताईने भावाकडे पाहिलं. भावाने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली.

"होतेच आहे तयार," ताई म्हणाली.

"होतेच आहे म्हणे. आणि ह्या केसांचं काय केलंयस? बस इथे."

आणि हॉलच्या दारात, फुलवाले आणि खुर्च्यावाले ये-जा करत असताना, ताई पायरीवर बसली. आईला खुर्ची आणून दिली. लेकीने पर्समधून कंगवा काढून दिला. आईचे हात थरथरत होते, पण केस हातात आले तशी थरथर थांबली. ती हळूहळू गुंता सोडवायला लागली. "केस किती पातळ झालेत गं," ती म्हणाली. "जेवत नाहीस वाटतं नीट. परक्या गावात एकटी राहतेस, कोण बघतंय तुझ्याकडे."

"जेवते गं," ताई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"मी येणारच होते," आई म्हणाली. "तुला वाटलं असेल, येत नाही. ह्याने गाडी हळू चालवली म्हणून उशीर झाला. तुझ्या वडिलांचं काही मनावर घेऊ नकोस. माणूस चांगला आहे ना तो?"

"कोण?"

"अगं, रेडिओवाला."

रेडिओवाला, म्हणजे ताईचा नवरा, आता साठीला आलेला, टक्कल पडलेला, मागेच हातात दिव्यांच्या वायरीचं भेंडोळं घेऊन उभा होता. तो पुढे झाला आणि खूप गंभीरपणे म्हणाला, "मी सांभाळीन तिला नीट."

"सांभाळ," आई म्हणाली, आणि छोटीशी, करंगळीएवढी वेणी घालून संपवली.

एवढ्यात नवरी ताईला शोधत बाहेर आली. पायरीवरचं ते दृश्य बघून थबकली, मग आपल्या आईशेजारी येऊन बसली. "आजी, माझे पण," ती म्हणाली. आईने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तू कोण गं बाळ? करवली का? ये."

वरच्या खोलीत दोन तास ब्यूटी पार्लरवालीने खपून बसवलेले केस आजीने पाच मिनिटांत सोडले आणि साधी वेणी घातली. नवरीने ती तशीच ठेवली. फोटोंमध्ये ती जराशी वाकडी दिसते.

अलगदने ताईला गाठलं ते लग्न लागल्यावर, जेवणं चालू असताना. हॉलच्या मागे मोठमोठी पातेली धुतली जात होती, तिथे तिला बाजूला घेऊन त्याने सगळं सांगितलं. पुलापासून बसथांब्यापर्यंत. स्वतःची बाजू मांडायला त्याने काही ठेवलं नाही.

ताई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "कुठल्या रंगाची होती?"

"काय?"

"शाल रे."

"राखाडी. लाल काठ. एका कोपऱ्यात वीण चुकली होती, ती तिने तशीच ठेवली होती. पिठाच्या डब्यामागे लपवायची ना, म्हणून पिठाचा वास येत होता."

ताईने डोळे मिटले. पातेल्यांवर पाणी पडल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी मी दारातच उभी होते. शेवटपर्यंत. घरचं कुणी येतंय का म्हणून. तू पुलापर्यंत आला होतास, हे जरी कळलं असतं ना मला..."

"माझं चुकलं, ताई."

"चुकलंच," ताई म्हणाली. तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, लहानपणी घालायची तसा, चांगला जोरात. आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. धुणाऱ्या बायकांपैकी एकीने दुसरीला सांगितलं, नवरीची आई दिसतेय, फार जीव होता वाटतं पोरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना ताई गाडीच्या दाराशी आली. "आईला राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "मुलगी गेली, खोली रिकामी आहे. मी आता निवृत्त होतेय. आणि तिला मी एकदा ओळखीची झालेय तर..." अलगदने बायकोकडे पाहिलं. बायको आधीच आईची पिशवी डिकीतून काढत होती.

आई तिथेच राहिली. ती ताईला कधी नवरी समजते, कधी स्वतःची बहीण, कधी शेजारीण. ताई जी असेल ती होते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अलगद ड्यूटी लावून घेत नाही. पहाटे निघतो, नदी ओलांडतो आणि संध्याकाळपर्यंत पोचतो. आईला तो बहुतेक वेळा आठवत नाही. दारात उभ्या असलेल्या ह्या टापटीप, करड्या केसांच्या माणसाकडे ती बघते, त्याच्या हातातल्या किल्ल्या बघते आणि आत हाक मारते, "अगं, ड्रायव्हर आलेत. लांबून आलेले दिसतात. आधी त्यांना जेवायला वाढ."

तो हातपाय धुऊन पानावर बसतो. आई समोर खुर्ची ओढून बसते आणि त्याचं जेवण होईपर्यंत उठत नाही.